अंड्याभोवती वेटोळं

नमस्कार श्रोतेहो.

गावाकडे ज्यांचं बालपण गेलं त्यांना खुराड्यात शिरलेला नाग आठवत असेल. कोंबडीचा कलकलाट, हातात काठी घेऊन धावणारे आजोबा, आणि तोवर सापाच्या गळ्यातून खाली सरकत चाललेला अंड्याचा फुगवटा. डोकं केवढं, अंडं केवढं! आज मी तुम्हाला अशाच एका अंड्यापाशी आलेल्या सापाची गोष्ट सांगणार आहे. फरक एवढाच, की ते अंडं डायनासोरचं होतं. गोष्ट आहे सुमारे सहा कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीची.

ठिकाण गुजरातमधलं धोली डुंगरी. गुजरातीत धोळी म्हणजे पांढरी आणि डुंगरी म्हणजे टेकडी. इथले खडक लामेटा थरांचे. हे नाव आलं जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लामेटा घाटावरून. सह्याद्रीचा आपला काळा कातळ ज्या लाव्हाचा झाला, त्या लाव्हाच्या थरांखाली बऱ्याच ठिकाणी हे लामेटा थर सापडतात. डायनासोरांच्या अंड्यांसाठी तर ते जगभर प्रसिद्ध आहेत.

धोली डुंगरीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना एक दगड मिळाला. त्यात अंडी होती आणि शेजारी बारीक बारीक हाडं होती. १९८७ साली त्यांनी त्यावर लिहिलं, तेव्हा ती सगळी हाडं डायनासोरच्या पिल्लाची मानली गेली. अंड्याशेजारी हाडं दिसली तर ती पिल्लाचीच असणार, असं कुणालाही वाटलं असतं.

पुढे २००१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यांची नजर काही मणक्यांवर अडकली. सापाचा मणका ओळखू येतो तो त्याच्या सांध्यांवरून. दोन मणक्यांमध्ये नेहमीच्या सांध्यांशिवाय एक जादा खुंटी आणि तिच्यासाठी एक खाच असते, सुतार लाकडात कूस-साल बसवतो तशी. त्यामुळे साप कितीही वळला तरी त्याच्या पाठीला पीळ बसत नाही. डायनासोरच्या पिल्लाला असले मणके कुठून येणार? म्हणजे चौदा वर्षं साप त्या दगडात सगळ्यांसमोर पडून होता, फक्त त्याला साप म्हणून कुणी पाहिलं नव्हतं.

मग दगड मिशिगनला नेऊन सावकाश साफ केला गेला. त्यातून जे उघडं पडलं ते असं: एका घरट्यातली तीन अंडी, त्यातलं एक फुटलेलं. त्या फुटक्या अंड्याभोवती सापाचं वेटोळं, आणि वेटोळ्यावर टेकलेलं सापाचं डोकं. बाजूला पिल्लाच्या खांद्याची, पुढच्या पायाची आणि बरगड्यांची हाडं. हे पिल्लू होतं टायटॅनोसोर कुळातलं, म्हणजे लांब मानेच्या अजस्र शाकाहारी डायनासोरांचं. पण त्या दिवशी त्याची लांबी होती जेमतेम अर्धा मीटर. साप होता साडेतीन मीटरचा. २०१० साली विल्सन, मोहबे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याचं बारसं केलं: सनाजे इंडिकस. नाव संस्कृतातून घडवलेलं, त्यात 'प्राचीन' आणि 'आ वासणं' हे दोन अर्थ आहेत.

आणि गंमत इथेच आहे. या सापाला आपल्या खुराड्यातल्या नागासारखा आ वासता येत नव्हता! आजच्या बहुतेक सापांच्या जबड्याची हाडं सैल जोडलेली असतात. खालच्या जबड्याच्या दोन बाजू समोर हाडाने सांधलेल्या नसतात, त्या लवचीक अस्थिबंधाने धरलेल्या असतात. म्हणून तोंड खाली उघडतं तसंच बाजूंनाही फाकतं. (साप जबडा निखळवतो असं म्हणतात, ते काही खरं नाही.) सनाजेच्या कवटीत ही मोकळीक फार कमी होती. पंधराएक सेंटिमीटर व्यासाचं, जाड कवचाचं ते अंडं त्याच्या तोंडात मावणं शक्यच नव्हतं. मग तो तिथे करत काय होता? शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की त्याला अंडं नकोच होतं, त्याला हवं होतं त्यातून बाहेर पडणारं पिल्लू. याच जागी इतर सापांचे अवशेषही अंड्यांजवळ मिळाले आहेत. म्हणजे हा एखादा वाट चुकलेला साप नव्हता. घरटी कुठे आहेत हे या सापांना पक्कं ठाऊक असावं.

बरं, हे सगळं असं जागच्या जागी टिकलं कसं? साप शिकारीजवळ आणि शिकार अंड्याजवळ असताना वरून चिखल-वाळूचा लोंढा आला असणार, बहुधा वादळी पावसात, आणि क्षणात सगळं गाडलं गेलं. कुणाला हलायलाही सवड मिळाली नाही.

त्या काळचे साप आपल्या महाराष्ट्रातही होते बरं का. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे शेतात डायनासोरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडते, आणि सापाचे मणकेही. २०११ मध्ये त्या सापाला गावाचंच नाव मिळालं, मॅट्सोइया पिसदुरेन्सिस. त्याचं डोकं मात्र अजून मिळालेलं नाही. तेव्हा त्या बाजूला कुणी राहत असाल, तर नांगरटीत वर आलेला एखादा विचित्र दगड बांधावर भिरकावण्याआधी जरा उलटसुलट करून बघा.

नमस्कार.