सहा वाजले, पण कुणाचे?

(इंदूरमधल्या एका मराठी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. सराफ्यात गरम जिलेबी उतरायच्या वेळेला तुम्ही ‘आंतरराष्ट्रीय राजनय आणि अपप्रचार’ असला जड विषय ऐकायला आलात, त्याबद्दल आधी आभार. विषयाचं नाव आयोजकांचं आहे, माझं नाही. मी जन्मभर भाषांतरं केली. तेव्हा जे सांगेन ते त्या खुर्चीतून दिसलेलं.

२ मार्च २०२२ ची संध्याकाळ. आमच्या शेजारची एक मुलगी युक्रेनमध्ये खारकिव्हला डॉक्टरकी शिकत होती. युद्ध सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. त्या दिवशी आपल्या दूतावासाने सूचना काढली: खारकिव्ह ताबडतोब सोडा, पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्का गाठा, गाडी मिळाली नाही तर चालत निघा, पण संध्याकाळी सहाच्या आत पोचा. सहा म्हणजे युक्रेनच्या वेळेने, हेही त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. सूचना इंग्रजीत होती आणि ट्विटरवर होती.

मुलीची आई ट्विटरवर नाही. तिच्यापर्यंत पोचला तो कुणीतरी हिंदीत बोलून पाठवलेला व्हॉइस मेसेज. “छह बजे तक शहर खाली करना है, उसके बाद कोई नहीं बचेगा.” भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा साडेपाच वाजले होते. आजी देवापाशी बसलेली, आई एकच नंबर पुन्हापुन्हा लावतेय, बाबा चपला घालून दारात उभे; कुठे जाणार होते कोण जाणे. मला बोलावलं, कारण ‘काकूंना इंग्रजी येतं’. मी मूळ सूचना शोधली. तिथले सहा म्हणजे आपले साडेनऊ. चार तास हातात होते. आणि ‘कोई नहीं बचेगा’ हे वाक्य तर मूळ सूचनेत कुठेच नव्हतं.

तो मेसेज पाठवणारा माणूस खोटारडा नव्हता. बहुधा तोही कुणाचा तरी बापच असेल. पण ‘युक्रेनच्या वेळेने’ एवढे दोन शब्द वाटेत गळले, त्या जागी भीती येऊन बसली आणि ती लोकांच्या घरच्या भाषेत बसली. मला आज एवढंच सांगायचं आहे: अफवा आपल्या भाषेत येते, खुलासा सरकारी भाषेत येतो आणि मग आपण लोकांना भोळे म्हणतो.

आपल्या जुन्या लोकांना यातले बारकावे ठाऊक होते. वदंता वेगळी, आवई वेगळी आणि कंडी पिकवणं त्याहून वेगळं. वदंता वाऱ्यावर असते. कंडी पिकवायला मात्र माणूस लागतो. आणि तोतया म्हणजे तर पुढची पायरी. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि त्याने कोकणात किल्ले घेतले. लोकांनी त्याला इतका हात कसा दिला? भाऊ परत यावेत असं वाटणारी माणसं घरोघरी होती, म्हणून. हल्ली संगणकावर नेत्यांचे चेहरे आणि आवाज बनवतात, त्याला डीपफेक म्हणतात. मी तोतया म्हणते. सोय बदलली, गिऱ्हाईक तेच.

आता कंडी पिकवण्याचं एक अस्सल आंतरराष्ट्रीय उदाहरण, आणि ते आपल्या दिल्लीतून सुरू होतं. जुलै १९८३ मध्ये ‘पेट्रियट’ नावाच्या तिथल्या वर्तमानपत्रात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा म्हणे अमेरिकेतला नामवंत शास्त्रज्ञ. मजकूर असा, की एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने प्रयोगशाळेत तयार केला. पत्राच्या मागे सोव्हिएत गुप्तहेर खातं होतं. दोन वर्षं काही झालं नाही. मग १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गाझेता’ने तीच गोष्ट ‘भारतीय वृत्तपत्राने म्हटल्याप्रमाणे’ म्हणून छापली. आपणच पेरायचं आणि आपणच उगवलेलं दाखवायचं. १९८७ पर्यंत ती कथा ८० हून अधिक देशांत आणि ३० हून अधिक भाषांत पोचली होती. पुढे १९९२ मध्ये रशियाच्या हेरखात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी त्यातला हात कबूल केला. कबुलीला कोण विचारतो? ती किती भाषांत गेली असेल?

तीस भाषा, मंडळी. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. त्यातली अरबीही १९७३ साली आली. २०१८ पासून भारताच्या पैशातून तिथे हिंदीत बातम्या निघू लागल्या आणि जून २०२२ मध्ये बहुभाषिकतेच्या ठरावात हिंदी, बांगला, उर्दूचा उल्लेख पहिल्यांदा झाला. आपले ग्वाल्हेरचे वाजपेयी १९७७ साली तिथे हिंदीत बोलले, त्याच्या आठवणीने आपली छाती अजून फुगते. फुगू द्या. पण व्यासपीठावरून आपल्या भाषेत बोलणं हा मानाचा भाग झाला. संकटात घरातल्या आजीला तिच्या भाषेत सूचना कळणं हे त्याहून कितीतरी कष्टाचं काम आहे, आणि त्याचे फोटो निघत नाहीत.

भाषांतर केलं म्हणजे झालं, असंही नाही. १८७० साली एम्स या गावी प्रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याचा, राजा आणि फ्रान्सचा राजदूत यांची गाठ पडली. त्या भेटीची तार प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने काटछाट करून वर्तमानपत्रांना दिली. कापली अशी, की दोन्हीकडच्यांना अपमान वाटावा. जर्मन मजकुरात होतं की राजाने आपल्या ‘अ‍ॅड्जुटंट’करवी निरोप दिला. जर्मनमध्ये तो राजाच्या तैनातीतला मोठा अधिकारी. फ्रेंचमध्ये तसाच दिसणारा शब्द गेला, आणि फ्रेंच सैन्यात त्याचा अर्थ होतो हवालदाराच्या तोडीचा माणूस. आमच्या राजदूताला हवालदाराकरवी हाकललं! १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं. ते एका शब्दाने झालं असं म्हणणार नाही, लाकडं आधीच रचलेली होती. पण काडी अशी असते.

इंदूरकरांना हे निराळं समजवायला नको. आपण सकाळी पोह्यांच्या गाडीवर हिंदी, घरात मराठी, आणि दोन्हींची लिपी एक. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपली चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदी निवेदनात आलं की ‘दोनों देश शांति की चेष्टा कर रहे हैं’ आणि कुणी घाईत तसंच मराठीत उतरवलं तर? कोर्टातला हिंदी ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड, आपल्याकडे राजीनामा म्हणजे खुर्ची सोडणं. एका रात्री थकून मी असाच एक शब्द तसाच्या तसा जाऊ दिला होता. कुठला ते सांगत नाही, अजून लाज वाटते.

३ मार्चला आणखी एक बातमी फिरत होती, की आपल्या विद्यार्थ्यांना खारकिव्हमध्ये ओलीस धरलंय. परराष्ट्र खात्याने म्हटलं, अशा ओलीस प्रकाराची कोणतीही माहिती आमच्याकडे आलेली नाही. नीट ऐका. ‘माहिती आलेली नाही’ आणि ‘असं झालेलं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं प्रामाणिक आहे, दुसरं ठासून सांगणारं. भाषांतरात पहिल्याचं दुसरं व्हायला अर्धा सेकंद लागतो, आणि पुढे काही विपरीत निघालं तर सरकार खोटं बोललं असं लोक म्हणणार.

आणि सरकारं कधीच खोटं बोलत नाहीत, असं समजायचंही कारण नाही. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत छोटी कुपी उंचावून इराकच्या शस्त्रांबद्दल बोलले. ती शस्त्रं सापडली नाहीत. पुढे २०२२ च्या सुरुवातीला अमेरिका आणि ब्रिटनने रशियाच्या तयारीची गुप्त माहिती आधीच जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा पुष्कळांनी मान हलवली: यांचं एकदा ऐकलं होतं. या वेळी ते खरं निघालं. पत एकदा गेली की खऱ्यालाही जामीन लागतो.

मग करायचं काय? माझं मागणं फार लहान आहे. दूतावासाची सूचना लिहिली जात असताना भाषांतरकार खोलीत हवा, ती सुटल्यानंतर नव्हे. वेळ लिहिताना भारतीय वेळही शेजारी लिहा. चार भाषांत आवाजात बोलून पाठवा, कारण आमच्याकडे लोक वाचण्याआधी ऐकतात. आणि जे अजून कळलेलं नाही तेही सांगा. न सांगितलेली जागा रिकामी राहत नाही, तिथे कुणीतरी आपलं सामान आणून टाकतं.

ती मुलगी पायी निघाली होती, आणि काही दिवसांनी सुखरूप घरी आली. तिच्या आईने परवाच मला विचारलं, काकू, तो मेसेज कुणी पाठवला होता ते कळलं का हो? नाही कळलं.

असो. माझी वेळ संपली, आपल्या घड्याळाने. आता प्रश्न विचारा. हिंदीत विचारलेत तरी चालेल. फक्त चेष्टा करणार असाल तर कुठल्या भाषेतली, ते आधी सांगा.