वर्गाचा पत्ता

श्रोतेहो, नमस्कार.

आमची शाळा भरते साडेदहाला. पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शाळेजवळच्या वस्तीवरची दोन मुलं सकाळी बरोबर साडेआठला मैदानात हजर असतात. भारतीय हवामान खातं पावसाची रोजची नोंद सकाळी साडेआठला घेतं, कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतची. म्हणून आमचीही तीच वेळ. मैदानाच्या मधोमध विटांच्या आळ्यात एक प्लॅस्टिकची बाटली उभी केली आहे. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला, तळाच्या खोलगट भागात सिमेंट भरून तो सपाट केलेला, बाजूला पट्टी चिकटवलेली. मुलं गुडघ्यावर बसतात, डोळे पाण्याच्या पातळीला आणतात आणि आकडा वाचतात. मग एकीच्या आईचा फोन येतो कामाला. काच तडकलेली आहे, पण चालतो. त्यावर तीन रकाने भरायचे: तारीख, मिलिमीटर आणि शेरा. संपलं काम.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत सहावी-सातवीला भूगोल आणि मराठी शिकवते. आज तुमच्याशी बोलणार आहे ते त्या तीन रकान्यांचं पुढं काय होतं याबद्दल. तो आकडा आमच्या वर्गाच्या संकेतस्थळावर जातो. हे संकेतस्थळ आम्ही एक रुपयाही खर्च न करता बनवलं आहे, आणि ते बनवायला मला संगणकाची भाषा शिकावी लागली नाही.

आधी हे सांगते की मला याची गरज का वाटली. २०२० च्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनीच व्हॉट्सअॅपवर अभ्यास पाठवला. मीही पाठवला. रोज रात्री जागून चित्रं काढली, आवाज रेकॉर्ड केले, स्वाध्याय लिहिले. आठ दिवसांनी एका मुलाची आई म्हणाली, "बाई, तुम्ही नद्यांचं पाठवलं होतं ना, ते सापडत नाही. फोन भरला म्हणून यांनी सगळं डिलीट केलं." चूक तिची नव्हती. शुभेच्छा, लग्नपत्रिका, बाजारभाव आणि माझा नद्यांचा पाठ हे सगळं एकाच प्रवाहात वाहत होतं. वर्गातला फळा तास संपला की पुसला जातो. ग्रुपवरचा फळा तर आपल्या देखत पुसला जातो, कुणी हात न लावता. मुलाला परत जाऊन बघायचं असेल तर त्या पाठाला काही ठावठिकाणाच नव्हता. माझ्या शिकवण्याला पत्ता नव्हता.

संकेतस्थळ म्हणजे तो पत्ता. बाकी तांत्रिक गोष्टी त्यानंतर.

आता साधन कोणतं घ्यायचं, यावर फार वेळ घालवू नका. गुगल साइट्स आहे, वर्डप्रेस आहे, ब्लॉगर आहे, विक्स आहे. मोफत म्हणताना एवढंच बघा की तुमच्या पानावर जाहिराती कोण लावतंय. काही सेवा मोफत जागा देतात आणि त्या बदल्यात तिथं आपली जाहिरात किंवा आपल्या नावाची पट्टी ठेवतात. सहावीच्या मुलांच्या पानावर मला ते नको होतं, म्हणून मी गुगल साइट्स घेतलं. गुगलचं खातं असलं की पुरतं. मजकुराचा चौकोन उचलायचा, हवा तिथं ठेवायचा, त्यात लिहायचं. फोटो, व्हिडिओ, नकाशा, प्रश्नावली सगळं तसंच ओढून बसवता येतं. शेवटी 'प्रकाशित करा' हे बटण. माझं पहिलं पान एका रविवारी दुपारी तयार झालं, आणि त्यावर फक्त शाळेचं नाव आणि फळ्यावर मी खडूनं काढलेल्या माणगंगेच्या नकाशाचा फोटो होता.

लिहिताना मात्र एक काळजी घ्या, आणि ही मी कळकळीनं सांगते. आपल्यापैकी कितीतरी शिक्षकांकडे वर्षानुवर्षांच्या टिपणांच्या फायली आहेत, पण त्या युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या फोनला आणि संगणकाला सारख्याच कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या तशाच चढवल्या तर आईच्या फोनवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. आणि त्याचं चित्र करून लावलं तर दिसायला दिसतं, पण शोधलं तर सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच असायला हवा. टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनच्या कळफलकावरचा माइक दाबून मराठीत बोला, तो लिहून देतो. आमची मुलं असंच लिहितात. मग ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला बसतात, आणि माझा शुद्धलेखनाचा तास आपोआप होतो.

आता परत पावसाकडे येते.

मुलांनी भरलेला आकडा एका तक्त्यात जातो. त्या तक्त्याचा आलेख आमच्या पानावर आहे, आणि नवा आकडा आला की आलेखात एक दांडी वाढते. पहिल्या वर्षी एवढंच होतं. दुसऱ्या वर्षी जावळी तालुक्यातल्या एका शिक्षिकेशी माझी एका प्रशिक्षणात ओळख झाली. मी तिला बाटलीची कृती सांगितली आणि आमच्या पानावर लिहिण्याची परवानगी दिली. तिच्या मुलांचा आलेख आमच्या आलेखाच्या खाली आला. एकच जिल्हा, एकच पान, दोन बाटल्या.

जुलैमधल्या एका सकाळी आमच्या बाटलीत होते ४ मिलिमीटर. त्यांच्या नोंदीत १६२. आमची मुलं म्हणाली, "बाई, त्यांचं चुकलंय." मी काहीच बोलले नाही. दुपारी व्हिडिओ कॉल लावला. तिकडच्या एका मुलीनं छत्री सांभाळत बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. सकाळी रिकामी केलेली ती बाटली पुन्हा निम्मी भरली होती. आमच्याकडे मागं ऊन पडलेलं त्यांना दिसत होतं. मग एका मुलानं वहीतून आमच्या जूनची बेरीज काढली. अख्ख्या महिन्याचा पाऊस ९१ मिलिमीटर. आपल्याकडे महिन्यात पडला त्याच्या पावणेदोनपट पाऊस तिकडे एका दिवसात पडला, हे त्याचं त्यानंच मोठ्यानं म्हटलं.

पर्जन्यछाया हा शब्द मी अनेक वर्षं शिकवत आले आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात, बाष्प तिकडेच सांडतात आणि घाटमाथा ओलांडून आपल्याकडे उतरताना कोरडे होत जातात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. मुलं हे पाठ करायची, परीक्षेत लिहायची. पण त्या दिवशी त्यांनी तो डोंगर ओलांडून पाहिला. त्यानंतरचे प्रश्न मला पुस्तकात शोधावे लागले नाहीत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मग आपल्या वर्गाच्या छपरावर किती पडलं? छप्पर मोजलं, १० मीटर गुणिले ६ मीटर. २० मिलिमीटर पडला त्या दिवशी छपरावरून १२०० लिटर पाणी वाहून गेलं. हे गणित मुलांनी पानावर चढवलं, छपराच्या रेखाटनासकट. ते वाचून एका मुलीच्या आजोबांनी घराच्या पन्हाळीखाली पिंप ठेवलं.

पालकांना हे पान सापडावं म्हणून आम्ही त्याचा क्यूआर कोड छापून शाळेच्या फाटकाला लावला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून दाखवला, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, हे आपल्याला ठाऊकच आहे. तो काळा-पांढरा चौकोन म्हणजे दार आहे. दारामागचं घर मात्र आपल्यालाच बांधावं लागतं, आणि ते हलकं ठेवावं लागतं. फोनवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे दहा लावले तर वस्तीवरच्या रेंजमध्ये पान उघडतच नाही. फोटो लहान करून चढवा. माझी कसोटी एकच, ती तडकलेल्या काचेची. त्या फोनवर उघडलं तर सगळीकडे उघडेल.

आता मुलांच्या चेहऱ्यांविषयी. कार्यक्रम झाला की फोटो चढवायचा मोह मलाही होतो. पण भिंतीवर लावलेला फोटो गावातले लोक बघतात, संकेतस्थळावरचा फोटो कोणीही, कुठेही बघतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आमच्या पानावर मुलांचे हात आहेत, वह्या आहेत, बाटली आहे. पूर्ण नावं नाहीत, चेहरे नाहीत. पावसाची नोंद कुणी घेतली ते नावाच्या पहिल्या अक्षरानं कळतं आणि मुलांना तेवढ्याचा पुरेसा अभिमान वाटतो. तसंच, पाठ्यपुस्तकाची पानं किंवा गाइडातले उतारे स्कॅन करून लावू नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर मोफत मिळतात, तिथला दुवा द्या. आपल्या पानावर आपलं आणि मुलांचं काम असू द्या. ते दुसऱ्या शिक्षकानं मोकळेपणानं वापरावं असं वाटत असेल तर तळाशी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहा, म्हणजे कुणाला फोन करून विचारत बसावं लागत नाही.

एक गोष्ट मला आजही सलते, ती सांगते. पावसाच्या कितीतरी आधी, दुसऱ्या शाळेत असताना, मी मुलांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. मुलं आपापल्या आज्यांजवळ बसली, त्यांनी ऐकलं, वहीत उतरवलं. सदतीस ओव्या झाल्या. त्या मी एका मोफत सेवेवर चढवल्या. ती सेवा पुढे बंद झाली. बंद होणार असल्याचं पत्र ज्या ईमेलवर आलं ते खातं मी उघडत नव्हते. मला कळलं तेव्हा पान गेलेलं होतं. वह्या वर्ष संपल्यावर मुलांनी घरी नेलेल्या. मी घरोघर फिरले, चौदा ओव्या परत मिळाल्या. बाकीच्या सांगणाऱ्या आज्यांपैकी दोघी तोवर गेल्या होत्या.

मोफत जागा कधीतरी बंद होते, हे जगभर घडलं आहे. जिओसिटीज नावाच्या सेवेवर लाखो लोकांची पानं होती, ती २००९ मध्ये बंद झाली. विकिस्पेसेस जगभरच्या शिक्षकांच्या आवडीची होती, २०१८ मध्ये तीही वर्गांसाठी बंद झाली. म्हणून दर सत्राच्या शेवटी आम्ही तीन गोष्टी करतो. सगळा मजकूर आणि तक्ता उतरवून शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवतो. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानाची प्रत जतन करतो. आणि पावसाच्या नोंदी कागदावर छापून शाळेच्या कपाटात ठेवतो. कागदाला हसू नका. त्या चौदा ओव्या मला कागदानंच परत दिल्या.

आणि बदली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ही सांगायला नको. पान माझ्या खासगी खात्यावर असेल तर बदलीच्या आदेशाबरोबर ते माझ्यासोबत जातं आणि शाळा पुन्हा रिकामी होते. आमचं पान आता शाळेच्या ईमेल खात्यावर आहे. मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या वर्गाच्या गुरुजींना त्यात लिहिण्याचा अधिकार आहे. उद्या मी गेले तरी साडेआठची नोंद चुकणार नाही.

गेल्या जूनमध्ये आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना बाजरीची पेरणी कधी करावी हे ठरत नव्हतं. रात्री जेवताना ते लेकीला म्हणाले, "तुमच्या त्या बाटलीत बघ, मागच्या वर्षी या आठवड्यात किती पडला होता." तिनं पान उघडलं, तारीख काढली आणि शेरा वाचला: "बाटली वाऱ्यानं पडली होती, परत लावली. आजचा आकडा धरू नये."

वडील म्हणाले, "मग त्याच्या पुढचा वाच."