ईटा कॅरिनी: स्फोट झाला, तारा उरला

श्रोतेहो, नमस्कार.

तारा अवाढव्य आहे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग हा फुटणार कधी?" मृगातल्या काक्षीबद्दल लोक हे विचारतात, आणि ईटा कॅरिनीबद्दल तर हटकून विचारतात. खरं सांगायचं तर याचं उत्तर कुणापाशीच नाही. उद्या फुटेल, नाहीतर हजारो वर्षांनी फुटेल. मला त्याहून मोलाचा वाटतो तो उलटा प्रश्न. हा तारा एकदा जवळजवळ फुटला होता, माणसांच्या डोळ्यांदेखत. मग तो उरला कसा?

दक्षिण आकाशात त्रिशंकूच्या जरा पश्चिमेला नौकातल, म्हणजेच कॅरिना, हा तारकासमूह आहे. ईटा कॅरिनी त्यातलाच. अंतर सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षं. सध्या तो चौथ्या प्रतीच्या आसपास आहे, म्हणजे आकाश चांगलं काळोखं असेल तर नुसत्या डोळ्यांना दिसतो. ओळख करून दिल्याशिवाय कुणी त्याच्याकडे दोनदा पाहणार नाही.

१६७७ साली एडमंड हॅलीनं, हो, धूमकेतूवाल्याच हॅलीनं, सेंट हेलेना बेटावरून त्याची नोंद केली, तीही चौथ्या प्रतीचा तारा म्हणूनच. पुढची दीडेकशे वर्षं तो थोडा चढत, थोडा उतरत राहिला. मग इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल आपली मोठी दुर्बीण घेऊन केप ऑफ गुड होपला गेले. १६ डिसेंबर १८३७ च्या रात्री त्यांनी या ताऱ्याकडे पाहिलं आणि ते चक्रावले. तेज जवळजवळ तिप्पट झालेलं. प्रश्वा मागे पडला, रोहिणी मागे पडली, काक्षीही मागे पडला. व्याध आणि अगस्त्य सोडले तर बरोबरीला उरला होता एकटा राजन्य. हर्शेल मुरलेले निरीक्षक होते. शेजारच्या ताऱ्यांशी एकेक करून ताडून पाहिल्याशिवाय त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवला नाही.

खरा कळस गाठला गेला मार्च १८४३ मध्ये. हर्शेल तोवर मायदेशी परतले होते. केपला खगोलशास्त्रज्ञ थॉमस मॅक्लिअर लक्ष ठेवून होते. त्या दिवसांत ईटा कॅरिनीनं अगस्त्यालाही मागे टाकलं. रात्रीच्या आकाशात त्याच्याहून तेजस्वी तारा उरला तो फक्त व्याध. आता जरा अंतरं पाहा. व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर, आणि हा साडेसात हजारांवर! जवळजवळ नऊशे पट लांबून तो व्याधाशी स्पर्धा करत होता.

ऑस्ट्रेलियातल्या बूरोंग लोकांनीही त्या काळात त्याला आपल्या आकाशकथेत जागा दिली. अगस्त्य हा त्यांचा कावळा, आणि हा तारा त्या कावळ्याची बायको. १८५० च्या दशकात ही माहिती लिहून ठेवली गेली, म्हणून आपल्यापर्यंत आली.

पुढे तो उतरत गेला, आणि काही वर्षांत, तेव्हापुरता, नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. विझला का? मुळीच नाही. स्वतःच बाहेर फेकलेल्या धुळीआड झाकला गेला. आज हबल दुर्बिणीच्या छायाचित्रात ती धूळ स्पष्ट दिसते: पाठीला पाठ लावलेले दोन फुगीर गोळे, त्यांच्या पृष्ठभागावर खळगे आणि काळपट शिरा, आणि दोघांच्या मधोमध फाटक्या झालरीसारखी एक पातळ चकती. या तेजोमेघाचं नाव होमुंक्युलस. तो अजूनही सेकंदाला साधारण ६५० किलोमीटर वेगानं पसरतो आहे. त्यातलं द्रव्य किमान दहा सूर्यांइतकं. दहा सूर्य भरतील एवढं द्रव्य काही वर्षांत झटकून टाकायचं आणि तरीही जिवंत राहायचं! यासाठी लागलेली ऊर्जा सुपरनोव्हाच्या तोलाजवळ जाणारी होती. फरक इतकाच, की सुपरनोव्हात तारा संपतो.

आत आहे तरी काय? बराच काळ सगळे एकच तारा धरून चालले होते. ब्राझीलचे खगोलशास्त्रज्ञ आउगुस्तो दामिनेली या ताऱ्याच्या वर्णपटावर, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यावर, नजर ठेवून होते. हेलियमची एक रेषा ठरावीक काळानं मंदावते आणि पुन्हा उजळते, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९९६ साली त्यांनी जाहीर केलं की हा फेरा साडेपाच वर्षांचा आहे आणि पुढची घट १९९७ सरता सरता येईल. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण खोटं ठरायची इतकी चोख संधी फार थोडे लोक स्वतःहून देतात. सांगितल्या वेळेला उपग्रहांना दिसणारे क्ष-किरण धाडकन कोसळले. एवढी घड्याळी शिस्त एकट्या ताऱ्याला जमणं कठीण. मध्ये दुसरा तारा फेऱ्या घालत असणार.

तर ही जोडी आहे. थोरला सूर्याच्या सुमारे नव्वद पट वस्तुमानाचा आणि पन्नास लाख पट तेजस्वी. धाकटा तीस पट वस्तुमानाचा, थोरल्याहून जास्त तापलेला आणि एकट्यानंच दहा लाख सूर्यांइतका तेजस्वी. एरवी कुठेही असता तर तोच राजा ठरला असता. इथे थोरल्याच्या झगमगाटात तो हरवून जातो. त्याची कक्षा कमालीची लांबट आहे. लांब असतो तेव्हा तो सूर्यापासून नेपच्यून जितका दूर, साधारण तितका दूर. जवळ येतो तेव्हा अंतर उरतं साडेबावीस कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य ते मंगळ इतकंच.

दोघांतूनही वारे सुटतात, म्हणजे वायू सतत बाहेर वाहत असतो. थोरल्याचा वारा दाट आणि संथ. अर्थात संथ म्हणजे सेकंदाला चारशेवीस किलोमीटर. धाकट्याचा विरळ, पण सेकंदाला तीन हजार किलोमीटरचा. दोन्ही भिडतात तिथला वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण बाहेर पडतात. धाकटा जवळ येऊन थोरल्याला वळसा घालतो तेव्हा ही धडकेची जागा थोरल्याच्या दाट वाऱ्यात बुडते, आणि क्ष-किरण दिसेनासे होतात. साडेपाच वर्षांचं कोडं ते हे.

थोरल्याचं मूळ दुखणं वेगळंच आहे. ताऱ्याला गुरुत्वाकर्षण आत ओढतं आणि प्रकाशाचा दाब बाहेर ढकलतो. सूर्यासारख्या ताऱ्यात हा दाब नगण्य. इथे मात्र प्रकाश इतका प्रचंड आहे की बाहेरचे थर जेमतेम धरून ठेवलेले आहेत. एखादा तारा कमाल किती तेजस्वी होऊ शकतो याची जी एडिंग्टन मर्यादा सांगतात, तिच्या अगदी काठावर हा उभा आहे. आजच्या शांत दिवसांतही हजार वर्षांत साधारण एका सूर्याइतकं द्रव्य वाऱ्यावर उडवतो. अशा ताऱ्यांना आयुष्य मिळतं तीसेक लाख वर्षांचं. सूर्याचं हजार कोटी वर्षांचं.

म्हणजे १८४० च्या सुमाराला तोल सुटला आणि थर उडाले, एवढंच? बरीच वर्षं उत्तर असंच काहीसं दिलं जायचं. पण तेवढ्यानं भागत नाही, आणि ते कळलं एका विलक्षण मार्गानं. त्या उद्रेकाचा सगळाच प्रकाश काही सरळ आपल्याकडे आला नाही. काही भलतीकडे गेला, लांबच्या धूलिमेघांवर आपटला आणि तिथून वळून आता पृथ्वीवर पोचतो आहे, दीडशेहून जास्त वर्षं उशिरा. याला प्रकाशाचा प्रतिध्वनी म्हणतात. चिलीतल्या दुर्बिणींनी तो टिपला आणि २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हर्शेलांच्या काळी वर्णपट घ्यायची सोयच नव्हती. आपण मात्र त्याच उद्रेकाचा वर्णपट आज घेऊ शकतो! उद्रेकातला वायू अपेक्षेपेक्षा बराच थंड निघाला, पाच हजार अंशांच्या आसपास. आणि २०१८ साली त्याहून मोठा धक्का बसला: त्यातला काही वायू सेकंदाला दहा ते वीस हजार किलोमीटर वेगानं सुटलेला होता. नुसत्या वाऱ्याला हा वेग झेपणारा नाही. हा वेग स्फोटाचा.

यावरून खगोलशास्त्रज्ञ नेथन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना अशी, की इथे मुळात तीन तारे होते. त्यातल्या सर्वांत जड ताऱ्यानं आपलं बाहेरचं द्रव्य शेजाऱ्याला देऊन टाकलं आणि तो उघडा पडत, सरकत बाहेर गेला. तिसरा मात्र आत ओढला गेला आणि त्या फुगलेल्या शेजाऱ्यावर आदळून त्यात विरघळला. दोघांचा मिळून आजचा थोरला झाला. याला अजून सर्वांची मान्यता नाही. पण कक्षा इतकी लांबट का, वेग इतका अचाट का, हे दोन्ही त्यात बसतं. शिवाय १८३८ आणि १८४३ चे लखलखाट कक्षेतल्या जवळ येण्याच्या वेळांशी साधारण जुळतात, तेव्हा जोडीदाराचा हात अजिबात नव्हता असं म्हणणंही अवघड आहे.

आणि ही कल्पना खरी असेल तर घरातली ज्येष्ठता उलटी होते. आज ज्याला आपण धाकटा म्हणतो, तोच मूळचा सर्वांत जड तारा. सगळं देऊन टाकून तीस सूर्यांवर आलेला. मार्च २०३१ च्या सुमाराला तो पुन्हा थोरल्याजवळ येईल, क्ष-किरण पुन्हा काही आठवडे बंद पडतील, आणि तोवर धूलिमेघांवरून आणखी काही जुना प्रकाश आपल्यापर्यंत पोचलेला असेल.

नमस्कार.