ठराव आधी, वर्गणी मागून

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेच्या पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मायमाऊल्यांनो, भावांनो, गुरुजनहो,

शाळेसाठी वर्गणी मागितली तर आपल्या भागात कोणी हात आखडत नाही. कापसाचा पैसा हाती आला की शाळेला रंग लागतो, टीव्ही येतो, स्पीकर येतो. या देण्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्याच शाळेची एक खोली पावसाळ्यात गळते, मुलींच्या संडासात पाणी नसतं, आणि त्यावर ग्रामसभेत कधी एक ठराव झालेला नसतो. मी आज त्या न झालेल्या ठरावाबद्दल बोलणार आहे.

गळकं छत दुरुस्त करणं हे कोणाच्या दानधर्मावर सोडलेलं नाही. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात शाळेत काय काय असलंच पाहिजे ते लिहून ठेवलं आहे: बारमाही टिकेल अशी इमारत, दर शिक्षकामागे एक वर्गखोली, पिण्याचं पाणी, मुलामुलींसाठी वेगळे संडास, पोषण आहार शिजवायला खोली, मैदान, कुंपण. पहिली ते पाचवीत पट साठच्या आत असला तरी दोन शिक्षक. रोजीनं निंदायला जाणारी बाईसुद्धा साबणाची वडी घेताना सरकारला कर देते. तिचे पैसे एकदा गेलेले आहेत. पुन्हा तिच्याकडेच वर्गणीची पावती घेऊन जायचं, तर त्याआधी पहिल्या पैशांचा हिशेब विचारायला नको का?

तो विचारायची जागा कायद्यानंच दिली आहे. शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात चारांतले तीन सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया. दुर्बल घटकांतल्या लेकरांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. महिन्याला एक बैठक, आणि दर दोन वर्षांनी पालकसभेतून नवी निवड. समितीचं काम पंधरा ऑगस्टला नारळ फोडणं नाही. कायद्याचं कलम 21 सांगतं की शाळेला मिळालेल्या अनुदानाचा खर्च समितीनं तपासायचा. आणि कलम 22 तर प्रत्येक पालकानं पाठ करावं असं आहे: समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा, आणि सरकारच्या व स्थानिक संस्थेच्या योजना व अनुदानं त्या आराखड्याच्या आधारानं ठरवायची. म्हणजे जे तुमच्या आराखड्यात नाही, ते मागायला तुमच्या हातात कागदच नाही.

आता खरं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. समितीचं रजिस्टर घरोघर फिरतं. ‘वहिनी, एक सही द्या’ म्हणतात, आणि चुलीपुढून उठून वहिनी सही देते. आराखडा मागल्या वर्षीचाच उतरवला जातो. दोन शिक्षकांच्या शाळेत माहित्या भरता भरता मुख्याध्यापकांचा जीव जातो, म्हणून मी सगळा दोष त्यांच्या माथी मारणार नाही. पण ती सही कशाखाली झाली हे वाचायला पाच मिनिटं लागतात. तेवढी मागा.

वाचायचं काय? समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान येतं. पट 31 ते 100 असेल तर वर्षाला 25 हजार, 101 ते 250 असेल तर 50 हजार, आणि त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. ते आलं किती, कधी आलं, कशावर गेलं, एवढं फळ्यावर लिहून मागा. या पैशात खोली बांधून होत नाही, हे खरं आहे. खोलीसाठी जिल्हा परिषदेकडे जावं लागतं. पण नळाची तोटी, संडासाचं दार, खडू आणि विजेचं बिल या पैशातून निघतं.

दुसरी तिजोरी ग्रामपंचायतीची, आणि तिकडे पालक म्हणून आपण जवळजवळ जातच नाही. केंद्राकडून पंचायतीला आलेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांत 60 टक्के बांधलेले होते, पाणी आणि स्वच्छता यांना. शाळेचा संडास आणि पाण्याची टाकी अशा पैशात बसते, पण पंचायतीच्या विकास आराखड्यात ते काम लिहिलेलं असेल तरच. हा आराखडा करायची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते. मार्चमध्ये सरपंचांकडे अर्ज नेला, तर ते म्हणणार, ‘भाऊ, यंदाचं तर ठरून गेलं.’ त्यात त्यांचं चूक नसतं. मंजूर झालेली कामं ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. घरात दहावी-बारावीचं पोरगं असेल, त्याला दाखवायला सांगा.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते 15 टक्के मतदारांची किंवा 100 जणांची, जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. तिथे जे मूठभर बसतात, ते गावाचं ठरवतात. ज्याच्या लेकराचं नाव शाळेत आहे, त्यानं त्या मुठीबाहेर राहू नये.

पण आई येणार कशी? ग्रामसभेच्या तारखा पाहा. 15 ऑगस्टला निंदण जोरात, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, 26 जानेवारीला कापूस वेचणी. सकाळी दहाची सभा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार. म्हणून निदान पालकसभा तरी संध्याकाळी सातला ठेवा. हे शिक्षकांनाही जड जाईल, मला कल्पना आहे, तरी मी हे आग्रहानं मागतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते. शाळेचा विषय आधी तिथे मांडा. कामासाठी गाव सोडून जाणारी घरं असतील तर समितीची निवड ती गावात असतानाच व्हावी. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते. जुलैत निवड उरकता येते.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, हे तुम्ही ऐकलं असेल. पण त्यांच्याकडून मला घ्यावीशी वाटते ती दुसरी गोष्ट: आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, मग सर्वांच्या सहमतीनं ठरवायचं. पाच पालकांचा असा गट शाळेसाठी करता येईल. त्यात शिकलेलेच हवेत असं नाही. संडासात पाणी नाही हे जिच्या मुलीला सोसावं लागतं, तिला विषय समजलेला आहे.

मताचंही बोलतो. यवतमाळ, अमरावती, वर्धा, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली, आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासकच होते. ज्याला शाळेच्या खोलीबद्दल जाब विचारावा असा निवडलेला माणूस तिथे नव्हता. त्या काळात आपल्या मताचं जे काही शाळेत चालत होतं, ते या समितीतच. ती निवड आपण हात वर न करता होऊ दिली. जिल्हा परिषदेचा उमेदवार दारात आला की रस्त्याबरोबर शाळेचं विचारा, आणि उत्तर चारचौघांत घ्या.

आता कागद काढा. ठराव लिहून घ्या, मग वर्गणीचं बोलू. ‘शाळेच्या गळक्या वर्गखोलीची दुरुस्ती व मुलींच्या स्वच्छतागृहास पाणीजोडणी ही कामे शाळा विकास आराखड्यात व ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावीत, असे ही पालकसभा ठरवते.’ खाली तारीख, सूचक, अनुमोदक. एक प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक), एक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि दोन्हीची पोच घ्या. काही हललं नाही तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. सूचक म्हणून कोणाचं नाव लिहू?