तेविसाव्या दिवसाआधी

[दृश्य : संध्याकाळ. थान्याचं फाटक. वर घुमटाकार कॅमेरा, त्याच्या काचेवर कोळ्याचं जाळं.]

इंदूरच्या मराठीत पोलीस ठाणं नसतं, थाना असतो. ठाणेदार नसतो, टीआई असतात. रामबाग असो की सुदामा नगर, घरातलं माणूस रात्री थान्यात नेलं आणि सकाळी एमवाय रुग्णालयाच्या खाटेवर सापडलं, की घरचे आधी म्हणतात, "कॅमेरे आहेत ना? दाखवा."

मागणी रास्त आहे. पण दाखवायला महिने लागतात आणि पुसायला तीन आठवडे पुरतात. म्हणून पहिल्या दिवशी मागायचं ते एवढंच : फुटेज राखून ठेवा.

[दृश्य : लोखंडी कपाटातली काळी पेटी. मागे वायरींचा गुंता.]

कॅमेरा फक्त बघतो. साठवण होते ती या पेटीत. जुन्या जोडणीत डीव्हीआर, नव्या जोडणीत एनव्हीआर. हिशेब करू. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा, एच.२६५ पद्धतीनं दाबलेलं चित्र, सेकंदाला दोन मेगाबिट. दिवसाला २१.६ जीबी. असे १६ कॅमेरे म्हणजे रोज सुमारे ३४५ जीबी. आत ८ टीबीची एकच डिस्क असेल तर २३ दिवसांत भरली. चोविसाव्या दिवशी पेटी थांबत नाही, कुणाला विचारतही नाही. सगळ्यात जुन्या दिवसावर नवा दिवस लिहायला लागते. पुसायला कुणाचं बोट लागत नाही, त्यामुळे पुसणाऱ्याचं नावही कधी सापडत नाही.

डिस्क लहान असेल तर हे दिवस आणखी कमी. दिवस वाढवायचे म्हणून चित्र जास्त दाबलं, तर चेहरे पुसट होतात. कॅमेऱ्याची काच महिनोन्महिने कुणी पुसत नाही ते वेगळंच. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की समोरचं जाळं पांढरं चमकतं आणि त्यामागचा माणूस दिसेनासा होतो.

[दृश्य : सर्वोच्च न्यायालयाची इमारत.]

२ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी विरुद्ध बलजित सिंह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यासाठी आदेश दिले. आत-बाहेर जायची सगळी दारं, मुख्य फाटक, सगळ्या कोठड्या, कोठडीबाहेरची जागा, व्हरांडे, निरीक्षकाची खोली, उपनिरीक्षकाची खोली, ठाण्याची मागची बाजू : कुठलीच जागा उघडी ठेवायची नाही. स्वच्छतागृहाच्या आत नाही, पण बाहेर कॅमेरा हवाच. रात्री दिसलं पाहिजे आणि आवाजही आला पाहिजे. साठवण १८ महिन्यांची. तसं यंत्र बाजारात नसेल तर जास्तीत जास्त जितकी मिळेल तितकी, पण एका वर्षाच्या खाली नाही. वरच्या हिशेबानं १६ कॅमेऱ्यांच्या १८ महिन्यांना १९० टीबीच्या आसपास जागा लागते. आदेश आणि एका डिस्कची पेटी यांच्यात एवढं अंतर आहे, आणि फुटेज हरवतं ते याच अंतरात.

ठाण्याच्या दारात पाटी लावायची, हेही त्याच आदेशात आहे. इथं कॅमेरे आहेत, चित्रण किमान सहा महिने जपलं जाईल, आणि मानवी हक्कांचा भंग झाला तर ते सुरक्षित करून घ्यायचा पीडिताला हक्क आहे, असं त्या पाटीवर स्थानिक भाषेतसुद्धा लिहायचं. पाटी असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नसेल तर रिकाम्या भिंतीचा काढा.

[दृश्य : कागदावर अर्ज लिहिणारा हात.]

अर्ज घटनेच्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी. एका पानाचा पुरे. माणसाला आत नेल्याची वेळ आणि बाहेर काढल्याची वेळ लिहा. दोन्हींच्या अलीकडे-पलीकडे एक-एक तास जास्त मागा. फक्त कोठडीचा कॅमेरा मागू नका. 'सर्व कॅमेरे, आवाजासह' असं लिहा, कारण मारहाण कोठडीतच होते असं नाही. ती व्हरांड्यात, मागच्या खोलीत, नाहीतर गाडीतून उतरवतानाही होऊ शकते. प्रती : टीआई, पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी. इंदूर शहरात २०२१च्या डिसेंबरपासून आयुक्तालय आहे; हद्द ग्रामीण असेल तर आयुक्तांच्या जागी पोलीस अधीक्षक. जिल्हा देखरेख समितीलाही एक प्रत. त्याच आदेशातून आलेल्या या समितीत शहराच्या महापौरांनाही जागा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नोंदवल्या न गेलेल्या हक्कभंगांसाठी साठवलेलं फुटेज तपासणं हेसुद्धा तिचं काम.

आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. थान्यात अर्ज घेत नसतील तर वाद घालत बसू नका. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर आणखी चाकं फिरायला हवीत. प्रशासनानं मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवायचं, शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायचं, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची. ही चौकशी सुरू झाली की पहिला अर्ज फुटेज मागवण्याचाच करावा.

[दृश्य : डीव्हीआरचा पडदा. कोपऱ्यात तारीख आणि वेळ.]

पेटी हाती आली तरी सगळं जमलं असं नाही. आधी घड्याळ बघा. पेटी इंटरनेटला जोडलेली नसेल तर तिची वेळ हळूहळू सरकते. आतलं बटण-सेल संपलं की तारीखच भलत्या वर्षात जाते. जप्तीच्या पंचनाम्यात 'पेटीची वेळ अमुक, खरी वेळ तमुक' ही एक ओळ नसली, तर पुढे वकील अख्खा खटला त्या फरकावर टांगतो.

मग नक्कल. पडद्यासमोर मोबाइल धरून केलेलं चित्रण पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी. पेटीच्या मूळ स्वरूपातली फाइलच घ्यावी, सोबत ती चालवणारा प्लेअर. तिचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच, लगेच काढून पंचनाम्यात उतरवावं. एसएचए-२५६ पद्धतीत ते ६४ अक्षर-अंकांचं असतं. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी अख्खं मूल्य बदलतं. डिजिटल पुराव्यासोबत जोडायचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र आता दोन भागांत लागतं, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही.

प्रमाणपत्राचं महत्त्व आपल्या जालन्यानं देशाला शिकवलं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला का, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रणावरून ठरायचं होतं. अधिकारी प्रमाणपत्र देईनात. २०२०मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. अधिकारी देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवता येतं, हेही स्पष्ट केलं.

[दृश्य : शिकागोचा रस्ता, रात्र.]

आता जाहीर करण्याचं. २० ऑक्टोबर २०१४ला शिकागोत लक्वान मॅकडॉनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर पोलिसानं १६ गोळ्या झाडल्या. तो अंगावर आला, असं सांगितलं गेलं. पोलीस गाडीतल्या कॅमेऱ्यात तो दूर जाताना दिसत होता, आणि ते चित्रण लोकांसमोर यायला तेरा महिने आणि न्यायाधीशाचा आदेश लागला. त्यानंतर शहरानं नियम केला : ६० दिवसांत जाहीर, फार तर एकदा ३० दिवसांची मुदतवाढ. कॅलिफोर्नियात २०१९पासून ४५ दिवस. तपासाला बाधा येते असं म्हणायचं तर कारण द्यावं लागतं.

आपल्याकडे असा दिवस ठरवणारा कायदा नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, शुल्क दहा रुपये. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर उत्तर ४८ तासांत. नकार बहुधा कलम ८(१)(ज), म्हणजे तपासाला अडथळा येईल अशी माहिती न देण्याची सूट, किंवा 'तपास चालू आहे' या एका ओळीवर येतो. तपास चालू असणं एवढंच पुरत नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७मध्ये भगतसिंग प्रकरणात सांगितलं आहे. अपिलात हा निकाल जोडा.

पोलिसांची एक अडचण मात्र खरी. ओळख परेडच्या आधी संशयिताचा चेहरा टीव्हीवर दिसला तर परेडच वाया जाते. अल्पवयीन मूल किंवा लैंगिक अत्याचाराची पीडिता चित्रात असेल तर चेहरा झाकणं कायद्यानंच बंधनकारक. पण त्यासाठी अख्खं फुटेज दडवायची गरज नाही. माहिती अधिकाराच्या कलम १० प्रमाणे तेवढा भाग वगळून बाकीचं देता येतं. झाकायचं ते नकलेत. मूळ फाइलला हात नाही.

[दृश्य : अर्जाची प्रत, आवक शिक्का. मग बंद पडदा.]

सगळ्यात जास्त येणारं उत्तर : "कॅमेरे बंद होते." २०२५च्या सप्टेंबरात कोठडीतल्या मृत्यूंच्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयानं बंद कॅमेऱ्यांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. २०२०च्या आदेशात या उत्तराची सोय आधीच आहे. कॅमेरा बंद पडला की ठाणे प्रमुखानं जिल्हा समितीला कळवायचं, आणि त्या काळात ठाण्यात कुणाला अटक केली, कुणाची चौकशी केली, त्याची नोंदही पाठवायची. म्हणून दुसरा अर्ज त्या पत्रासाठी करा. जावक क्रमांक आणि तारखेसह प्रत मागा. तारीख घटनेच्या आधीची आहे की नंतरची, ते बघा.