अ‍ॅल्युमिनियमला किती शेजारी? आधी सांगा, सॅम्पल ओलं की कोरडं

आज मला एकच गोष्ट सांगायचीये, सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या मिश्र उत्प्रेरकाबद्दल, म्हणजे सिलिका-अ‍ॅल्युमिनाबद्दल. सिलिका-अ‍ॅल्युमिनाच्या पृष्ठभागावरच्या अ‍ॅल्युमिनियमला किती ऑक्सिजन शेजारी आहेत, चार, पाच की सहा, असं आपण विचारतो, पण सॅम्पल ओलं होतं की कोरडं हे कळल्याशिवाय या प्रश्नाला काही अर्थच नाही.

सिलिकाच्या जाळ्यात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन. त्यातल्या एखाद्या सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसला की तो +3 आणि सिलिकॉन +4, म्हणजे एक चार्ज कमी पडला, तो भरून काढायला प्रोटॉन येतो आणि तोच आपला ब्रॉन्स्टेड अ‍ॅसिड (प्रोटॉन देणारं अ‍ॅसिड). सिलिका-अ‍ॅल्युमिनासारख्या अमॉर्फस, म्हणजे स्फटिकासारखी ठराविक रचना नसलेल्या, मटेरियलमध्ये हा प्रोटॉन नेमका कुठे बसतो यावर वाद आहे, त्यात आज शिरत नाही. झिओलाइटचं, म्हणजे याच घटकांच्या स्फटिकरूपी भावंडाचं, जाळं कसं आखीवरेखीव असतं, इथे मात्र चारवाला, पाचवाला, सहावाला सगळे एकाच दाण्यावर नांदत असतात.

मोजायचं कसं, तर एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या न्यूक्लियसचा सिग्नल मोजायचा. निसर्गातला सगळाच्या सगळा अ‍ॅल्युमिनियम 27 वस्तुमानाचा, त्यामुळे सिग्नल भरपूर मिळतो. स्पेक्ट्रमवर सिग्नलची जागा पीपीएममध्ये सांगतात: चारवाला साधारण 55-60 पीपीएमच्या आसपास, पाचवाला 30-35, सहावाला 0 ते 10. इथपर्यंत सोपं वाटतं. पण या न्यूक्लियसचा स्पिन 5/2, म्हणजे तो गोल नाही, आजूबाजूची मांडणी वाकडीतिकडी असली की पीक पसरतं, फारच वाकडी असली तर इतकं पसरतं की बेसलाइनमध्ये विरघळून जातं आणि आपल्याला वाटतं तिथे काही नाहीच! याला इनव्हिजिबल अ‍ॅल्युमिनियम म्हणतात. तो कुठेही गेलेला नसतो, फक्त दिसत नसतो. आणि कोरड्या पृष्ठभागावरचे लुईस अ‍ॅसिड साइट, म्हणजे ज्यांना शेजारी कमी पडलेत ते, नेमके असेच वाकडे असतात.

आता त्यावर हवेतलं पाणी आलं की ते त्या रिकाम्या जागांवर जाऊन बसतं, शेजारी वाढून सहा होतात, मांडणी सारखी होते आणि शून्याजवळ छान टोकदार पीक उभं राहतं. म्हणून ओल्या सॅम्पलचा स्पेक्ट्रम दाखवून कुणी म्हणालं की एवढे टक्के सहावाले, तर मी लगेच विचारते, यातले गरम रिअ‍ॅक्टरमध्ये किती उरतील? क्रॅकिंग, म्हणजे तेलाचे मोठे रेणू तोडणं, 500 अंश सेल्सिअसच्या आसपास चालतं, तिथे हे पाणी कुठून टिकणार. झिओलाइटमध्ये तर अमोनिया सोडला की काही सहावाले परत चारवाले होतात.

लुईस साइट खरंच आहेत का हे बघायला सॅम्पलवर पिरिडीन (या साइटना चिकटणारा एक बेस) सोडा आणि मग आयआर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम, घ्या, 1450 cm⁻¹ च्या आसपास लुईस आणि 1545 ला ब्रॉन्स्टेड दिसतो.

आणि रोटर, म्हणजे एनएमआरसाठी सॅम्पल भरायची छोटी नळी, ग्लोव्ह बॉक्समध्येच (हवा-पाणी नसलेल्या बंद पेटीत) भरा, झाकण पूर्ण दाबून बसवा. माझं एकदा जरासं सैल राहिलं होतं, संध्याकाळी पसरट, जेमतेम दिसणारा सिग्नल होता, रात्रभर रन लावला आणि सकाळी येऊन बघते तर शून्याजवळ नवं टोकदार पीक.