डायपर रॅश: लावलेलं क्रीम घासून काढू नका!

नमस्कार मंडळी! मालिशच्या व्हिडिओखाली मालिशचे प्रश्न कमी आणि रॅशचेच जास्त आले. "ताई, बाळाचं बूड लालभडक झालंय, काय लावू?" पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, मग दिवसभर डायपर, म्हणून या दिवसांत हे वाढतंच.

तुम्हाला माहीत असलेलं पटकन सांगते. शी झाली की लगेच बदला. नुसती शू असेल तर दोन-तीन तासांनी. कोमट पाणी आणि कापूस पुरे. वाइप्स वापरायचे तर अल्कोहोल आणि सुगंध नसलेले. मुलींना पुढून मागे पुसा. डायपर कमरेला करकचून बांधू नका. कापडी लंगोट वापरत असाल तर साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा.

आता खरा मुद्दा. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे आणि एक वाक्य रोज ऐकते: "क्रीम लावतोय, तरी बरं होत नाही." मी विचारते, पुढच्या वेळी डायपर बदलताना आधीच्या क्रीमचं काय करता? "सगळं स्वच्छ पुसून काढतो." इथेच चुकतं!

रॅशवर लावतात ते पांढरं, झिंक ऑक्साइडचं क्रीम त्वचेत जिरवायचं नसतं. पावसाच्या आधी आपण छपरावर ताडपत्री घालतो, तसं ते वर राहायला हवं. शी आणि शू एकत्र आली की शीतले जंतू शूमधल्या युरियापासून अमोनिया करतात. त्यानं त्वचेची नैसर्गिक आम्लता कमी होते, शीतली पाचक एन्झाइम्स जोर धरतात आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीला सोलवटतात. क्रीम हे सगळं बाहेर अडवतं. तुम्ही दर वेळी ते खरवडलं, तर त्याच्यासोबत नुकती भरून येणारी कातडीही निघते.

मग करायचं काय? हे बघा, माझ्या मनगटावर दाखवते. (कॅमेऱ्याजवळ) हा क्रीमचा थर, इतका जाड की खालची कातडी दिसत नाही. हा वर लागलेला मळ. ओला कापूस ठेवला, दाबला, उचलला. घासलं नाही. मळ निघाला, पांढरं तसंच राहिलं. राहू द्या! मळ चिकटून बसला असेल तर कापसावर थोडं खोबरेल घ्या, अलगद सुटतो. मग पाच-दहा मिनिटं बाळाला उघडं ठेवा, खाली जुनं दुपटं घाला. अंग पूर्ण कोरडं झालं की त्यावरच नवा थर. ओल्या अंगावर क्रीम लावलं तर ओल आतच कोंडते.

माझ्या नणंदेच्या बाळाला जुलाब झाले होते. तिच्या सासूबाई फार मायेच्या, पण दर वेळी फडक्यानं पुसून पुसून लख्ख करायच्या आणि पोर कळवळायचं. मी म्हटलं, "काकू, आज फक्त वरची घाण टिपा, पांढरं दिसलं तरी चालेल." त्यांना पटेना, पण केलं त्यांनी. बाळाचं रडणं त्याच दिवशी कमी झालं. तेव्हा आज्यांनो, पांढरं राहिलं म्हणजे बाळ अस्वच्छ राहिलं असं नाही. दुपारी डायपर काढून मोकळं ठेवायची तुमची पद्धत मात्र अगदी बरोबर आहे, ती सोडू नका.

एका ताईंनी लिहिलंय, "आमच्या बाई आंघोळीनंतर भरपूर पावडर लावतात." नको! बारीक पावडर बाळाच्या श्वासात जाते, आणि जांघेत ओली होऊन तिच्या गुठळ्या टोचतात. हळद, डाळीचं पीठही सोलवटलेल्या कातडीवर नको.

आणि याचा मला मनापासून राग येतो: मेडिकलमधून "रॅशचं काहीतरी द्या" म्हणून आणलेली मिश्र क्रीम. त्यांत बऱ्याचदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे तीव्र स्टेरॉइड. लाली झटकन उतरते, म्हणून घरोघरी ती ट्यूब. पण बाळाची त्वचा पातळ, त्यात डायपरखाली झाकलेली, त्यामुळे औषध जास्त शोषलं जातं. त्वचा आणखी पातळ होते आणि आतली बुरशी वाढू शकते. ट्यूबवरची नावं वाचा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असली ट्यूब बाळाला लावायचीच नाही.

बुरशी ओळखायची कशी? साधा रॅश डायपर घासतो त्या उंचवट्यांवर येतो, जांघेच्या घड्या बहुधा वाचतात. बुरशीत घड्याच लालभडक होतात आणि कडेनं सुटे लाल ठिपके दिसतात. बाळाला नुकतीच अँटिबायोटिक दिली असतील तर शक्यता जास्त. तिथं नुसतं झिंक पुरत नाही, बुरशीवरचं मलम लागतं आणि ते डॉक्टर ठरवतील.

दोन-तीन दिवस नीट काळजी घेऊनही उतार नसेल, तर दाखवा. पू, फोड, रक्त किंवा ताप असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी जा. आणि जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. "ती पांढरी ट्यूब" एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.